सेल्फ घेईना!

सेकंड इयरच्या व्हायव्हामध्ये एक्सटर्नल सरांनी मला विचारलं होतं, "डी. सी. सिरीज मोटर कुठे वापरतात?" मी एका दमात सांगितलं, "क्रेन, ट्रॅक्शन, होइस्ट आणि गाडीचा स्टार्टर, सर." "का?" "हाय स्टार्टिंग टॉर्क, सर!" सर खूश, मी खूश, वीसपैकी अठरा मार्क!

त्यानंतर आठेक महिन्यांनी मी आमच्या जीपखाली मातीत उताणा पडलो होतो आणि तीच मोटर माझ्या नाकासमोर वीतभर अंतरावर लटकत होती. मला ती ओळखूसुद्धा आली नाही. तर मित्रांनो, ही त्या अठरा मार्कांची गोष्ट.

मी मानवतचा. परभणी जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, कापसाच्या मोंढ्याचं. कल्याण–निर्मल महामार्ग गावावरून जातो, पण रेल्वे काही गावात येत नाही. स्टेशनचं नाव 'मानवत रोड'. रेल्वेच्या भाषेत नावापुढे 'रोड' लागला की समजायचं, गाडीतून उतरल्यावर अजून प्रवास बाकी आहे! त्या उरलेल्या प्रवासावरच आमचं घर चालतं. अण्णांची जीप आहे, स्टेशन ते गाव. लग्नसराईत भाडी, एरवी सीटा. जीप माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. आई म्हणते, दोघांवर सारखाच खर्च झाला.

डिसेंबरची परीक्षा संपवून मी घरी गेलो होतो. परभणीकडची थंडी म्हणजे काय ते तिकडच्यांना सांगायला नको. पहाटे अण्णा जीपमध्ये बसून चावी फिरवत होते. कधी 'टक' असा एकच आवाज यायचा, कधी तोही नाही. चार-पाच वेळा केल्यावर मधेच इंजिन घ्यायचं.

"सेल्फ घेईना गेलाय रे, आठ दिस झाले," अण्णा म्हणाले. "बघ बरं काय झालंय ते."

मी बॉनेट उघडलं, बॅटरीकडे बघितलं आणि निकाल देऊन टाकला.

"अण्णा, बॅटरी गेली. थंडीत आतली केमिकल रिअॅक्शन मंदावते, कपॅसिटी कमी होते."

"पक्कं ना?"

"पक्कं म्हणजे काय! मी इलेक्ट्रिकलला आहे, अण्णा."

अण्णांनी पुढे काही विचारलं नाही. पत्र्याच्या पेटीतून रुमालात बांधलेले पैसे काढले. पुढच्या सेमिस्टरच्या माझ्या मेसचे होते ते. जुनी बॅटरी परत देऊन नवी घेतली, वर साडेसहा हजार मोजले. दुसऱ्या दिवशी पहाटे जीप एका चावीत सुरू झाली. अण्णा शेजारच्या काकांना म्हणाले, "पोरानं एका नजरेत ओळखलं." माझी छाती दोन इंच फुगली.

ती चौथ्या दिवशी उतरली. स्टेशनवर गाडी आली, माणसं उतरली, जीप भरली. बाया, लेकरं, पोती. अण्णांनी चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. तेही नाही. शेवटी मी आणि सहा-सात सीटा खाली उतरून धक्का मारायला लागलो. जुनं डिझेल इंजिन, त्यामुळे धक्क्यावर घेतं, हेच नशीब. घामाघूम झालेले एक आजोबा म्हणाले, "तुमचं पोरगं इंजिनेर हाय म्हणत होतात ना?" सगळे हसले. अण्णा हसले नाहीत आणि बोललेही नाहीत. रस्ताभर त्यांनी आरशातसुद्धा माझ्याकडे बघितलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं!

घरी आल्यावर अण्णांनी जीप दाराशी न लावता गल्लीच्या तोंडाला, नाल्याच्या पुलाकडच्या उतारावर लावली. म्हणजे सकाळी ब्रेक सोडला की गाडी आपोआप घरंगळेल आणि इंजिन घेईल. आमच्या भागात काळी रानं सगळी सपाट, उतार शोधूनच काढावा लागतो. त्या उतारावर उभी असलेली जीप मला येता-जाता दिसायची. माझ्या डिग्रीवरचा तो शेराच होता म्हणा ना.

दोन दिवसांनी मीच म्हणालो, "अण्णा, मामूकडे जाऊ." मामू म्हणजे आमच्याकडचे जुने ऑटो इलेक्ट्रिशियन. सारं गाव त्यांना मामूच म्हणतं. शाळा पाचवीपर्यंत, हात मात्र पी.एच.डी.चे!

मामूंनी बॉनेट उघडलंच नाही. मला विचारलं, "बेटा, लाइट लावून सेल्फ मारला होता का?"

"नाही."

"मग बॅटरी कशी काय बदलली?"

मी गप्प. मामूंनी हेडलाइट लावायला सांगितले आणि अण्णांना चावी फिरवायला सांगितली. टक. लाइट जसेच्या तसे, लख्ख.

"आता ऐक," मामू म्हणाले. "चावी फिरवली की लाइट पार मंद झाले, तर बॅटरी कमजोर, टर्मिनल ढिलं, नाहीतर सेल्फ आत जाम होऊन करंट पितोय. कट-कट-कट असा भराभर आवाज आला, तरी बॅटरीकडे नाहीतर टर्मिनलकडेच बघायचं. पण एकच टक आणि लाइट लख्ख, म्हणजे सेल्फ करंट घेतच नाही. बॅटरीचा काय गुन्हा?"

एवढीशी परीक्षा! अर्धा मिनिट लागला, खर्च शून्य. माझे साडेसहा हजार माझ्या डोळ्यांसमोरून गेले. आणि लाज अशी, की साडेतीनशे रुपयांचा मल्टिमीटर सेकंड इयरपासून माझ्या बॅगेतच पडला होता. जर्नलमधली रीडिंग घेण्यासाठी नव्हे, मित्राच्या जर्नलमधून उतरवलेली रीडिंग खरी वाटावीत म्हणून!

मी धावत जाऊन तो आणला. पहिलं रीडिंग बॅटरीचं: १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. मग जीपखाली शिरलो. सेल्फच्या पाठीवर त्याचा स्विच असतो, पुस्तकातला सोलेनॉइड. त्याला दोन जाड बोल्ट. एकावर बॅटरीची केबल येते, दुसऱ्यावरून करंट मोटरच्या पोटात जातो. काळी पिन सेल्फच्या अंगावर टेकवली, लाल पिन केबलच्या बोल्टवर. अण्णांनी चावी फिरवली, टक, १२.४. लाल पिन दुसऱ्या बोल्टवर नेली. पुन्हा टक, १२.३.

"काय कळलं?" वरून मामूंचा आवाज.

मी पहिल्यांदा विचार करून उत्तर दिलं. "स्विचचे आतले पॉइंट ठीक आहेत. अर्थही तुटलेला नाही, नाहीतर मोटरच्या दोन टोकांत इतके व्होल्ट दिसले नसते. व्होल्टेज मोटरपर्यंत पोचतंय आणि मोटर फिरत नाही. दोष मोटरच्या आत आहे."

"शाब्बास. आता हातोडीच्या दांड्यानं तिला हळूच ठोक."

ठोकलं. अण्णांनी चावी फिरवली आणि इंजिन धडधडत सुरू झालं! मी खालून ओरडलोच, "झाली!"

"काही नाही झाली," मामू म्हणाले. "कार्बन झिजलेत. ठोकल्यावर जरा टेकले, इतकंच. उद्या परत धक्का. चल, सेल्फ उतरव."

मी पाना घेऊन बॅटरीच्या प्लस टर्मिनलला हात घातला, तसा मामूंनी माझा हात धरला. "आधी अर्थ!" आधी मायनस काढायचं आणि बसवताना ते शेवटी लावायचं. कारण साधं आहे. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लस खोलताना पाना बॉडीला लागला की शॉर्ट, ठिणग्या, हात भाजणार. मायनस सुटलेलं असेल तर काहीच होत नाही. हे सर्किट मी शंभर वेळा काढलं होतं, पण त्यात पाना कधी काढला नव्हता.

केबल, बारीक वायर, मग दोन मोठे बोल्ट. दुसरा बोल्ट सुटताना खालून आधार द्यायचा असतो, हे मला सेल्फ छातीवर येता येता कळलं. सात-आठ किलोंचं धूड! मामूंनी ते खोललं. आत चार कार्बन, म्हणजे आपले ब्रश. त्यातले दोन इतके झिजलेले की स्प्रिंग त्यांना दाबूच शकत नव्हती. कॉम्यूटेटर काळा पडून त्यावर चरे गेलेले. बुश सैल झाल्यामुळे आर्मेचर कडेच्या पोलला घासत होतं, घासल्याच्या चकचकीत खुणा दिसत होत्या. अण्णांनी विचारलं, "नुसते कार्बन टाकून भागंल का?" मामूंनी आर्मेचर त्यांच्या हातात दिलं. "टाकतो, पण दोन महिन्यांत परत येशील." शेवटी जुना सेल्फ देऊन दुरुस्त करून ठेवलेला एक घ्यायचं ठरलं, वर अठ्ठावीसशे. "अर्धे आज दे, अर्धे संक्रांत झाल्यावर," मामू म्हणाले.

बसवण्याआधी मामूंनी तो जमिनीवर ठेवला आणि मला म्हणाले, "पाय ठेव, घट्ट." बॅटरीच्या वायरी टेकवल्या तसा सेल्फनं असा झटका दिला की मी मागेच पडणार होतो. हाय स्टार्टिंग टॉर्क, सर! पुस्तकातला शब्द त्या दिवशी पायाला कळला. सिरीज मोटरमध्ये जो करंट आर्मेचरमधून जातो तोच फील्डमधून जातो, म्हणून सुरुवातीला टॉर्क करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. छोट्या गाडीत हा करंट शंभर-दीडशे अँपिअर, डिझेलला त्याहून कितीतरी जास्त. त्यात सेल्फच्या पिनियनला दात दहाच्या आसपास आणि फ्लायव्हीलच्या रिंगला शंभराच्या वर, म्हणजे टॉर्क आणखी दहापट. मामूंनी वायर लगेच काढली. "खाली फार वेळ फिरवायचा नाही, पळत सुटतो." आपल्या व्हायव्हातला पुढचा प्रश्न: 'सिरीज मोटर नो लोडवर का चालवत नाहीत?'

सगळं बसवलं, मायनस शेवटी लावलं. अण्णांनी चावी फिरवली, मी बॅटरीवर मीटर लावून उभा. इंजिन फिरत असताना १०.९ व्होल्ट. साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय घ्यायचा. इंजिननं पहिल्याच दमात घेतलं.

रात्री एक कोडं डोक्यातून जाईना. 'टक' कधी यायची आणि कधी नाही, ते का? टक तर स्विचची, आणि स्विच चांगला होता. पुस्तक काढून आकृती बघितली. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक ओढणारी, एक धरून ठेवणारी. त्यातल्या ओढणाऱ्या गुंडाळीचा परतीचा रस्ता मोटरच्या ब्रशमधूनच जातो! ब्रश जेमतेम टेकला तर टक यायची, पार सुटला तर तीही नाही. म्हणजे दोषाचा पत्ता जीप पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होती. मी तिचं ऐकण्याआधीच उत्तर दिलं होतं.

त्याच पानांत या मोटरचा इतिहासही सापडला. पूर्वी गाडी पुढून हँडल मारून सुरू करावी लागे. इंजिननं उलटा झटका दिला की माणसाचं मनगटच मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं विजेवरचा स्टार्टर बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो आला. त्याआधी केटरिंगनं दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवलं होतं. गल्ला उघडायला ताकद क्षणभरच लागते. त्यावरून त्यानं ओळखलं, की मोटर काही सेकंदच चालवायची असेल तर ती लहान असली तरी तिच्याकडून दांडगं काम करून घेता येतं. म्हणूनच सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नये, मधे थांबून त्याला गार होऊ द्यावं. गंमत बघा, त्या काळी हँडल मारावं लागत नाही म्हणून कित्येकांना इलेक्ट्रिक गाडी आवडायची. स्टार्टर आला आणि पेट्रोल गाडीनं तिला मागे टाकलं. आज इलेक्ट्रिक गाडी परत आलीय, आणि तिला स्टार्टरच लागत नाही!

पण माझ्या डोक्यात त्या रात्री केटरिंग कमी आणि साडेसहा हजार जास्त होते. मी अण्णांना म्हणालो, "चूक झाली माझी. बघायच्या आधीच बोललो."

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बॅटरी काय, कधीतरी घ्यावीच लागली असती. पण मी 'पक्कं ना' विचारलं होतं. 'बघून सांगतो' म्हणाला असतास तरी मला चाललं असतं."

मित्रांनो, इंजिनिअर झालो की घरचे, गावचे आपल्याला विचारणारच. मोटर का जळली, फ्रिज का गार होईना... आपण अठरा मार्कवाले, उत्तर तर तयार असतंच. त्या उत्तराचे पैसे मात्र दुसऱ्याच्या पेटीतून जातात. म्हणून आता माझं ठरलेलं वाक्य आहे, "थांबा, मीटर घेऊन येतो."

सेल्फ बदलल्यावरही आठवडाभर अण्णा जीप उतारावरच लावत होते. मी काही म्हणालो नाही. सुट्टी संपली. निघायच्या आदल्या रात्री बॅग भरत होतो, तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला. दार उघडून बघितलं तर अण्णांनी जीप आमच्या दाराशी, सपाटीला लावली होती.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी