‘डिमाइज’ आणि ‘डाइड’

आमचे इंग्रजी अर्जापासून सुरू झाले. मराठी शाळेत पाचवीत भेटलेली ही भाषा ‘रिस्पेक्टेड सर’ म्हणत आली आणि ‘युअर्स ओबिडिअंटली’ म्हणून निरोप घेऊन गेली. या भाषेत कोणी रुसते, कुजबुजते, भाजीवाल्याशी घासाघीस करते, हे आमच्या कानांवर कधी आलेच नाही. औपचारिक आणि अनौपचारिक शैलींतला भेद आम्ही परीक्षेपुरता पाठ केला : एकीत ‘डू नॉट’, दुसरीत ‘डोन्ट’, एकीत ‘टॉलरेट’, दुसरीत ‘पुट अप विथ’.

महाविद्यालयात असताना वांद्र्याच्या एका वर्गमित्राची आई गेली. त्याच्या घरी इंग्रजीच बोलली जाई, म्हणून आम्ही सांत्वनाचे पत्र इंग्रजीत लिहिले. ‘डिमाइज’ने आरंभ, ‘कंडोलन्सेस’ने शेवट, मधली वाक्ये बहुतेक कर्मणी. कितीतरी दिवसांनी तो संकोचत म्हणाला, “पत्र चांगलं होतं रे, पण बँकेतून आल्यासारखं वाटलं.”

दुःख खरे होते; मग ते पत्रात का उतरले नाही? उत्तराचा एक धागा इंग्रजीच्या इतिहासात सापडतो. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. पुढे दरबार आणि न्यायालय यांत फ्रेंच रुजली, विद्येत लॅटिन होतीच. घर आणि शेत मात्र जुन्या इंग्रजीकडे राहिले. म्हणून विचारण्याच्या एकाच क्रियेला ‘आस्क’, ‘क्वेश्चन’ आणि ‘इंटरॉगेट’ असे तीन शब्द मिळाले. पहिला घरातला, तिसरा थेट पोलीसचौकीतला.

दुसरा धागा आमच्याच कानात होता. मराठीत माणसाच्या मृत्यूविषयी ‘मेला’ म्हणणे क्रूर. ‘निधन’ म्हटले की आदर येतो. शब्द जितका संस्कृत, तितका मान मोठा, हा हिशेब आम्ही नकळत इंग्रजीला लावला. पण ‘डाइड’ म्हणजे ‘मेला’ नव्हे. तो शब्द उघडा आहे, उद्धट नाही. गंभीर प्रसंगाचा भार तो सहज पेलतो.

ऑर्वेलने १९४६ च्या ‘पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज’ या निबंधात भारदस्त लॅटिन शब्दांच्या मोहाविरुद्ध लिहिले. तो वाचून काही काळ आम्हांला औपचारिक शैलीचाच राग आला. तोही उतावळेपणाच. प्रबंधात ‘डोन्ट’ खटकतो, कारण तिथला वाचक अनोळखी असतो आणि त्याच्याशी अंतर राखणे हाच त्याचा मान. मित्राच्या शोकात तेच अंतर परकेपणा ठरते. शब्दकोश शब्दाशेजारी ‘औपचारिक’ अशी खूण देतो. वाचक किती जवळचा, ते लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.

असो. ते पत्र आज लिहायचे झाले, तर आम्ही ‘डाइड’ असेच लिहू. आणि तिच्या हातचे जेवण आम्हांला आठवते, हेही.