संगमावर, एका पुस्तकाच्या निमित्ताने

पुण्यास मुळा-मुठेच्या संगमावर सायंकाळी पुष्कळ मंडळी येतात. परंतु येथे एके काळी एका ग्रंथसंग्रहाची राख झाली, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्या दिवशी पेशव्यांच्या फौजेने संगमावरील रेसिडेन्सी जाळली आणि रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याची पुस्तके व हस्तलिखिते तीत भस्मसात झाली.

त्याचा स्वतःचा एक ग्रंथ मात्र त्यापूर्वीच लंडनात छापून झाला होता. १८०९ मध्ये तो शाह शुजाच्या दरबारी वकील म्हणून पेशावरास गेला. खुद्द काबूल त्याच्या दृष्टीस पडले नाही. तरी अफगाणांच्या जमाती, जिरग्याची रीत, खिंडी आणि वाटा यांची माहिती त्याने कसोशीने मिळविली, पुढे पुण्याच्या मुक्कामात ती लिहून काढली आणि १८१५ साली काबूलच्या राज्याचे ते वर्णन प्रसिद्ध झाले. वायव्य सरहद्दीचा इतिहास लिहिणारास आजही या ग्रंथाकडे वळावे लागते. पहिल्या आवृत्तीत मॅकार्टनीचा घडीचा नकाशा आणि १४ चित्रे आहेत. पैकी १३ हाताने रंगविलेली. छायाचित्रण जन्मास येण्यापूर्वीचे दुराणी, हजारा इत्यादि लोकांचे पेहराव त्यांत पाहावयास मिळतात.

आमच्या वाड्यात या आवृत्तीची एक प्रत आहे. मी आठ वर्षांचा असताना आकाशकंदिलास शोभा यावी म्हणून तीतील दुराणी सरदार कात्रीने कापून घेतला. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस शिसपेन्सिलीने लिहिले, ‘चित्रे १३. पुस्तक खालच्या फळीवर ठेवले, ही माझी चूक.’

गेल्या वर्षी मुंबईत एका जुन्या पुस्तकांच्या दुकानी तोच सरदार चौकटीत बसविलेला दिसला. किंमत ऐपतीबाहेरची नव्हती. आजोबांची प्रत पुरी होणार, या आनंदात मी सहज विचारले, “बाकीचे पुस्तक कोठे आहे?”

“ते कोण घेतो, साहेब? चित्रेच खपतात.”

माझा हात खिशातच राहिला. माझी प्रत पुरी व्हावी म्हणून दुसरी एक धडधाकट प्रत मोडली गेली होती. आणि मी पैसे मोजले असते तर तिसरीवर सुरी चालण्यास उत्तेजनच मिळाले असते. संग्राहकाने विकत घेण्यापूर्वी चित्रे मोजावीत, नकाशाची घडी उलगडून पाहावी, हे खरे. पण उणी प्रत उणी म्हणून सांभाळणे, हाही संग्रहाचा धर्मच आहे.

पुण्यास परतल्यावर मी संगमावर जाऊन बसलो. येथे आग लावणारांस युद्धाचे निमित्त तरी होते. माझ्या कात्रीस केवळ एका कंदिलाचे होते. घरी येऊन मी आजोबांच्या ओळीखाली लिहिले, ‘चूक त्यांची नव्हे, माझी.’ पुस्तक आता वरच्या फळीवर आहे. रविवारी ते खाली काढून नातवंडांस दाखवितो. पाने मात्र अजून मीच उलटतो.