कर्णा, रीळ आणि दहा राग

कर्णा. भोकरदनला लग्नाच्या मांडवाशेजारी उंच बल्लीला बांधलेला. हळदीच्या रात्री लागला की केळना नदीच्या पल्याड ऐकू जायचा. कुणाचं लग्न ते आवाजाच्या दिशेवरून कळायचं. आता डीजे.

‘नागिन’ची तबकडी. सिनेमा १९५४चा, संगीत हेमंतकुमारांचं. वरातीत ही चाल लागली की तोंडात रुमाल धरून पोरं जमिनीवर लोळायची. सिनेमातली ती पुंगी म्हणजे क्लेव्हायोलिन, विजेवर चालणारं छोटं वाद्य. वाजवलं होतं कल्याणजींनी, पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले ते. वादकाचं नाव तबकडीवर छापायची रीत नव्हती.

रेकॉर्ड चेंजरची सुई. बोथट झाली तरी एक लग्नसराई काढायची.

कॅसेटचं रीळ. सैल पडलं की पेन्सिल घालून फिरवायचं. पार गुंतलं तर शेतात जायचं, ज्वारीवर ताणून बांधायला. वाऱ्यानं ते घूंऽऽ करत राही आणि पाखरं कणसांवर टिकत नसत.

रेकॉर्डचं कव्हर. इथे थांबायला हवं. चरणजित सिंग मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवत. १९८२ साली त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं एकत्र जोडली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, ठेक्याला ८०८, खर्जाला ३०३. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस... असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर. पेटीतून मींड निघत नाही, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. आकाशवाणीने १९४० साली तिला बंदीच घातली होती. ३०३ला मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. सिंगांनी नेमकं तेच धरलं. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, खपली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, याच ३०३वर शिकागोच्या पोरांनी ‘अ‍ॅसिड हाउस’ उभं केलं आणि जग नाचलं. त्यांना सिंग ठाऊक नव्हते. सिंगांना रागाची ओढ होती. तो यंत्रात बसवता बसवता त्यांचं त्यांना हे सापडलं, आणि माझ्या लेखी म्हणूनच ते मोठं आहे. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ती रेकॉर्ड दिल्लीत मिळाली. २०१०ला पुन्हा निघाली. सिंग २०१५ साली मुंबईत गेले. कौतुकाची पाचच वर्षं त्यांच्या वाट्याला आली.

हस्तिदंती बाई, म्हणजे छोटी कोरीव मूर्ती. १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखालून निघाली. तशाच घडणीची आमच्या भोकरदनच्या, म्हणजे जुन्या भोगवर्धनच्या, उत्खननात मिळाली. ‘नागिन’च्या तबकडीवर वादकाचं नव्हतं, तसंच कोरणाऱ्याचं नाव दोन्हीकडे नाही.

तुमच्या माळ्यावर जुन्या रेकॉर्डी असतील. भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी कव्हर उलटून पाहा. मागे बारीक अक्षरात वादकांची नावं असतील, तर तेवढी वहीत उतरवून ठेवा.