मुखदुर्बळाची विलायत

मी जात्याच मुखदुर्बळ. पण लहानाचा मोठा झालो इचलकरंजीत, त्यामुळे ते खपून गेलं. दिवसरात्र मागांचा खडखडाट. त्यात बोलणारा आणि न बोलणारा सारखेच! ही चैन संपली १९७९ साली, कापडधंद्याचं शास्त्र शिकायला लीड्सला गेलो तेव्हा. निघताना आप्पांनी एकच उपदेश केला, "लोकांत मिसळ. बोलणाऱ्याची बोरं विकतात."

माझ्याकडे बोरंच नव्हती.

पहिली गाठ पडली सार्वजनिक टेलिफोनशी. तिथली तेव्हाची रीत अशी, की पलीकडच्यानं फोन उचलला की पी-पी-पी असा आवाज सुरू होई. मग नाणं आत ढकलायचं, तेव्हा कुठं बोलणं सुरू. 'खोली भाड्यानं हवी आहे' हे वाक्य मी रात्रभर घोकलं होतं. पी-पी झालं, दहा पेन्स ढकलले आणि वाक्य विसरलो. पलीकडची बाई "हॅलो, हॅलो" करीत राहिली. शेवटी मीच "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला!

पुढे वसतिगृहात खोली मिळाली. शेजारी एक फिनलंडचा मुलगा; स्वयंपाकघर दोघांत एक. तो माझ्याहून वस्ताद निघाला. सहा आठवडे मी त्याला नुसता पावलांच्या आवाजावरून ओळखत होतो. तो स्वयंपाकघरात असला की मी खोलीत, मी असलो की तो. त्यातून डिसेंबरात तिथं पावणेचारलाच सूर्य मावळतो. शनिवार-रविवार इतके मुके जात, की आवाज शाबूत आहे ना, हे बघायला सोमवारी सकाळी मी आरशासमोर पावकी म्हणायचो. मला माणसं नको होती असं नाही हो! कुणीतरी आधी बोलावं, एवढंच हवं होतं.

एका संध्याकाळी शेगडीवर दूध ठेवून चहाची पूड आणायला खोलीत आलो. तेवढ्यात त्याच्या दाराचा आवाज झाला. म्हटलं, जाऊन येऊ दे त्याला. तो बिचारा माझी पावलं ऐकून दाराआड थबकलेला: जाऊन येऊ दे ह्याला! दोन दारं, दोन शहाणे आणि तिकडे दूध.

करपल्याचा वास आला तशी दोन्ही दारं एकदम उघडली. "सॉरी!" दोघंही एकदम म्हणालो. मग एकानं पातेलं घासायचं, दुसऱ्यानं शेगडी पुसायची. जळकं दूध लवकर सुटत नाही, हे फार बरं झालं. अर्ध्या तासानं तो खाली बघत म्हणाला, "मला वाटायचं, तू माझ्यावर रागावला आहेस."

मलाही सहा आठवडे नेमकं तेच वाटत होतं.

आप्पांना सगळं सविस्तर कळवलं. शेवटी लिहिलं, "लोकांत मिसळलो. सध्या एकाच." आप्पांचं उत्तर आलं, "एक पुष्कळ झाला. दूध मात्र मंद आचेवर ठेवत जा."