पांढऱ्या शंखाचा रंग

मुंडगोडच्या द्रेपुंग मठात वादाचं अंगण दिसण्याआधी ऐकू येतं. टाळ्या, पाय आपटल्याचे आवाज, चढ्या स्वरातले प्रश्न. हुबळीपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या या तिबेटी वसाहतीत पहिल्यांदा आलेल्याला वाटतं, भिक्षूंचं जोरदार भांडण जुंपलंय. प्रत्यक्षात तो त्यांचा रोजचा वर्ग असतो. एक विद्यार्थी जमिनीवर मांडी घालून बसलेला, दुसरा त्याच्यासमोर उभा. उभा असलेला प्रश्न विचारतो आणि प्रश्नाच्या शेवटच्या शब्दावर उजवा तळहात डाव्यावर आपटतो, त्याच क्षणी डावा पायही जमिनीवर. बसलेल्यानं तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. अशा कितीतरी जोड्या एकाच अंगणात दाटीवाटीनं वाद घालतात. शेजारच्या गलक्यात आपला धागा सुटू न देणं हीसुद्धा शिकायचीच गोष्ट.

बसलेल्याला भाषण करायची मुभा नाही. त्याच्यापाशी मुख्यतः चारच उत्तरं असतात: ‘मान्य’, ‘का?’, ‘हेतू सिद्ध नाही’ आणि ‘व्याप्ती नाही’. हेतू सिद्ध नाही म्हणजे तू देतोस ते कारणच खोटं. व्याप्ती नाही म्हणजे कारण खरं असेल, पण तुझा निष्कर्ष त्यातून निघत नाही. आपल्या घरातली, सभेतली, वर्तमानपत्रातली निम्मी भांडणं या दोन आक्षेपांची गल्लत झाल्यानं लांबतात, असं मला इतक्या वर्षांनंतर ठामपणे वाटतं.

सुरुवातीचा धडा रंगांचा. जो जो रंग, तो तो लालच असतो का? पाठातला प्रतिपक्षी ‘मान्य’ म्हणतो. लगेच टाळी पडते. मग पांढऱ्या शंखाचा रंग घे; तो लाल असला पाहिजे, कारण तो रंग आहे. आता बसलेल्याची कोंडी होते. ‘व्याप्ती नाही’ म्हणायची सोय राहिलेली नाही, ती त्यानं आत्ताच कबूल केली. ‘हेतू सिद्ध नाही’ म्हणावं, तर शंखाचा रंग हा रंगच नाही असं होतं. ‘मान्य’ म्हणावं, तर पांढरा रंग लाल ठरतो.

या सगळ्यात प्रश्नकर्त्यानं स्वतःचं एकही मत मांडलेलं नाही. त्यानं समोरच्याचंच विधान उचललं आणि ते कुठं जाऊन पोचतं ते त्याला दाखवलं. आपल्या परंपरेत याला प्रसंग म्हणतात. समोरच्याचं मन वळवायचं तर त्यानं आधी काय मान्य केलंय तिथूनच निघावं लागतं, आणि त्यासाठी तो काय म्हणाला ते शब्दशः ऐकावं लागतं.

शब्दांबाबत तर फारच कडक शिस्त. पांढरा घोडा पांढरा असतो का? नाही. घोडा जीव आहे, पांढरा हा रंग आहे, आणि जीव म्हणजे रंग नव्हे; घोड्याचा रंग पांढरा.

ही विद्या भारतातूनच तिबेटात गेली. दिङ्नाग आणि सातव्या शतकातला धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकांच्या प्रमाणशास्त्रावर ती उभी आहे. बाराव्या शतकात सांगफू मठातल्या छापा छोक्यी सेंगे या आचार्यानं तिला शिकवण्याजोगा साचा दिला, असं मानतात. धर्मकीर्तीच्या ‘प्रमाणवार्त्तिका’ची संस्कृत हस्तलिखितं १९३०च्या दशकात राहुल सांकृत्यायनांना तिबेटातल्या मठांत सापडली. १९५९नंतर निर्वासित भिक्षू भारतात आले. त्यांचे द्रेपुंग आणि गांदेन हे मठ मुंडगोडला, सेरा मठ म्हैसूरजवळच्या बायलकुप्पेला नव्यानं उभे राहिले. जुन्या तिबेटात भिक्षुणींना हे अंगण जवळजवळ बंदच होतं. १९९५पासून त्यांचं स्वतंत्र वार्षिक वादसत्र भरू लागलं आणि डिसेंबर २०१६मध्ये याच मुंडगोडात वीस भिक्षुणींना दलाई लामांच्या हस्ते गेशेमा ही सर्वोच्च पदवी मिळाली.

मी महाविद्यालयीन मुलांना वादविवाद शिकवतो. आपल्या स्पर्धांत एक जण बाजूनं बोलतो, एक विरुद्ध, घंटा वाजते, दोघं खाली बसतात. भाषणं घरून पाठ करून आणलेली असतात, त्यामुळं दुसरा वक्ता पहिल्याला उत्तर देतच नाही. तो शेजारून निघून जातो. याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून शंखाचा धडा मी वर्गात आणला. एक उभा, एक बसलेला, चार उत्तरं, दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. भर मी एवढीच घातली, की वस्तुस्थितीबद्दल ‘मान्य’ म्हणण्याआधी पुरावा मागायचा. मठातला वाद ग्रंथाच्या आधारानं चालतो, आमच्या विषयांना तेवढ्यानं भागत नाही.

विषय होता वर्गातल्या मोबाइलवरच्या बंदीचा. बसलेला मुलगा बंदीच्या बाजूचा.

“ज्यानं ज्यानं लक्ष उडतं, ते ते वर्गात नको. बरोबर?”

“मान्य.”

“मग खिडकी घे. ती वर्गात नको, कारण तिच्यानं लक्ष उडतं.”

मुलगा तोंड उघडून थांबला. खिडकीतून खरोखरच पाऊस दिसत होता. त्याला वेळ हवा होता, मी दिला. दुसऱ्या दिवशी तो तास सुरू व्हायच्या आधीच येऊन बसला होता. बंदीचा आग्रह त्यानं सोडला नव्हता, पण विधान नवं होतं: ज्यानं लक्ष उडतं आणि ज्याच्यावाचून वर्ग चालू शकतो, ते वर्गात नको. कालची प्रश्न विचारणारी मुलगी उठून त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं ते विधान त्याला पुन्हा एकदा, सावकाश म्हणायला लावलं.