अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली

धर्मप्रांताच्या गुप्त दफ्तराची किल्ली केवळ बिशपांपाशीच असावी, असे १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ४९० वे कलम सांगते. धर्मपीठ रिक्त असेल तेव्हा ते दफ्तर कुणी व कधी उघडावे, याचीही तजवीज त्याच कलमात आहे. किल्लीचा धनी एक दिवस नसणार, हे ख्रिस्तसभेने गृहीत धरले आहे. आपल्या घरांनी अद्याप ते धरलेले नाही.

विंडोजमधील ‘बिटलॉकर’ हे कुलूप २००७ साली व्हिस्टाबरोबर आले, ते मुख्यतः कचेऱ्यांसाठी. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीपासून मात्र नव्या घरगुती संगणकात मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला, की बहुधा डिस्क आपोआप कूटबद्ध होते. मालकाला त्याची गंधवार्ताही नसते. ती उलगडणारी किल्ली टीपीएम नावाच्या चिपच्या पहाऱ्यात असते. यंत्र ओळखीचे वाटले, तरच चिप ती सोडते. मदरबोर्ड बदलला, की ओळख पुसली जाते आणि पडदा ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागतो.

आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीच्या घरी नेमके हेच झाले. पती निवर्तल्यानंतर संगणक बिघडला, दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड बदलला. अंक पतीच्या खात्यात; खात्याचा पासवर्ड त्यांच्याबरोबर गेलेला, फोन नंबरही बंद केलेला. मुलीच्या पहिल्या कोमुन्यावची सारी छायाचित्रे आत होती. “फादर, ह्यांनी आमच्यापासून कधी काही लपवलं नाही हो,” एवढेच ती म्हणाली. छायाचित्रे मिळाली नाहीत. असे कुलूप फोडणारा लोहार कुठल्याच गावात नसतो.

म्हणून कुलूपच काढून टाकावे, असे मला वाटत नाही. लॅपटॉप लोकलमध्ये चोरीला गेला, तर घरचे कागद परक्याच्या हाती पडू नयेत, यासाठी ते हवेच. (चालू संगणकात शिरलेल्या व्हायरसपुढे मात्र त्याचा उपयोग नाही.) सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का, ते पाहावे. असल्यास खात्यातून ते अंक कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या पेटीत ठेवावेत आणि पत्नीला अथवा मुलांना ती जागा दाखवावी. छायाचित्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी, हे वेगळेच.

अंक उतरवताना चूक होण्याची धास्ती नको. सहा-सहा अंकांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. घरातील शाळकरी मुलाला ताळा करायला बसवावे.