हवा किती टाकू?

पेट्रोल पंपावर हवेच्या मशीनपाशी गाडी लावली की प्रश्न ठरलेला असतो, ‘किती टाकू?’ बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं, ‘पस्तीस टाक.’ गाडी कोणती, आत माणसं किती, ती किती पळून आली आहे, यातलं काहीच त्या पस्तीसमध्ये नसतं. मे महिन्यात लग्नासाठी छत्रपती संभाजीनगरहून नागपूरला समृद्धी महामार्गानं जायचं ठरलं, तेव्हा मला या प्रश्नाचं नीट उत्तर हवं होतं. गाडी मी चालवणार होते. शेजारी नवरा, मागे सासू-सासरे आणि मुलगी, डिकी सामानानं गच्च. चारशेहून जास्त किलोमीटर सिमेंटचा रस्ता आणि वेगमर्यादा 120. शहरात सिग्नलला टायरला जी उसंत मिळते, ती तिथे मिळत नाही.

आकडा असतो ड्रायव्हरचं दार उघडल्यावर दिसणाऱ्या खांबावर, एका छोट्या स्टिकरवर. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. आमच्या स्टिकरवर दोन ओळी आहेत. माणसं कमी असतील तर चारही चाकांना 33 पीएसआय; गाडी पूर्ण भरलेली असेल तर पुढे 33, मागे 36. टायरच्या कडेवर मात्र 51 उठवलेलं आहे. तो आकडा टायर बनवणाऱ्याचा. याच्या वर जाऊ नका, एवढंच तो सांगतो. आपली गाडी किती वजनाची, वळणावर तिचा तोल कसा राहतो, हे त्याला माहीत नसतं, कारण तोच टायर दुसऱ्या गाड्यांनाही बसतो. ‘पन्नासपर्यंत चालतं’ असं म्हणणारे मला भेटले आहेत, आणि त्यांची मला खरोखर काळजी वाटते. इतक्या हवेनं टायर मधोमध फुगतो, रस्त्याला कमी टेकतो आणि नेमक्या ब्रेक दाबायच्या क्षणी पकड कमी पडते.

सासरे, म्हणजे अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. निघायच्या दोन दिवस आधी त्यांनी गाडीभोवती फेरी मारली आणि मागच्या चाकाशी थांबले. ‘अगं, हे बसलंय. हवा कमी आहे.’ गेज लावलं तर बरोबर 33. अण्णांची नजर नायलॉनच्या टायरवर तयार झालेली होती. त्या टायरची कड ताठ असायची, त्यामुळे पोट सुटलं की हवा गेली हे लांबूनही कळायचं. आताच्या रेडियल टायरची कड मुळातच लवचीक असते; हवा योग्य असतानाही ती खाली थोडी फुगलेली दिसते. उलट सहा-सात पीएसआय गेले तरी डोळ्यांना फरक जाणवत नाही. अण्णांनी माझ्या हातातलं गेज घेऊन चारही चाकं स्वतः मोजली आणि म्हणाले, ‘मग हे गाडीतच ठेव.’

सोसायटीतल्या काकांचा सल्ला मात्र मी घेतला नाही. ‘उन्हाळा आहे, हवा फुगते, दोन-तीन कमीच ठेवा.’ हवा फुगते हे खरं. पण स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, आणि पळून तापल्यावर दाब वाढणार हे धरूनच तो ठरवलेला असतो. टायर जातो तो बहुधा या वाढीनं नव्हे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात कड जास्त दुमडते आणि पुन्हा सरळ होते. शंभरच्या वेगाला हे सेकंदाला चौदा-पंधरा वेळा घडतं. तार एकाच जागी वाकवत राहिलं की ती तिथे तापते, तसंच हे. आतले रबराचे आणि दोऱ्यांचे थर तापून एकमेकांपासून सुटू लागतात. म्हणजे फुटण्याच्या भीतीनं कमी केलेली हवाच टायरला फुटण्याकडे नेते. त्यात नागपूरचा मे महिना आणि भरलेली गाडी! हा सल्ला इतक्या मायेनं दिला जातो की नाकारणं जड जातं, पण नाकारायलाच हवा.

खरी अडचण ‘थंड’ मोजण्याची. गाडी तीनेक तास उभी असावी, उन्हातही नको. पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापलेला असतो. म्हणून आदल्या दिवशी पहाटे पार्किंगमध्येच मोजलं. मागची चाकं 33, हवी होती 36, म्हणजे तूट तीनची. हा तुटीचा आकडा घेऊन पंपावर गेले. तिथे मशीननं 35 दाखवलं, मी हवा भरणाऱ्या मुलाला 38 लावायला सांगितलं. ‘ताई, तुमच्या गाडीला जास्त होतंय,’ तो म्हणाला. दार उघडून त्याला स्टिकर दाखवला आणि सकाळचा हिशेब सांगितला. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या गेजवर मागे 36 होतं. पंपावरच्या मशीनमध्ये आणि घरच्या गेजमध्ये एक-दोनचा फरक असला, तरी या पद्धतीत तो आड येत नाही, कारण भरायची असते ती फक्त तूट.

मेहकरच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा पुन्हा मोजलं. पुढे 37, मागे 40. यातली हवा सोडायची नसते. सोडली तर टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. मला बघायचं होतं ते वेगळंच. चारही चाकं सारखीच वाढली आहेत ना? एखादंच चाक बरंच जास्त चढलं असतं, तर ते कमी हवेवर निघालं होतं आणि म्हणून जास्त तापलं, असा संशय घ्यावा लागला असता.

नायट्रोजनबद्दल नवऱ्यानं विचारलं. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि शुद्ध नायट्रोजनही तापला की फुगतोच. पैसे देऊन भरायचा तर भरावा, मोजणं त्यानं सुटत नाही. डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याचंही तेच. बऱ्याच गाड्यांत तो लागतो तेव्हा हवा पाव हिश्श्याच्या आसपास गेलेली असते.

नागपुरात सामान उतरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मागची चाकं पुन्हा 33 वर आणली, कारण लग्नाच्या धावपळीत गाडीत मी आणि मुलगी दोघीच असणार होतो. स्टेपनीही तेव्हाच मोजली. ती आमच्याकडे चारही चाकांच्याच मापाची आहे, म्हणून तिच्यात मी 36 पेक्षा दोन जास्तच ठेवते. रस्त्यात चाक बदलायची वेळ आली, तर जास्तीची हवा सोडता येते. कमी पडली तर तिथे भरायला काही नसतं.